काष्टीच्या छबूबाईच्या पाटल्या

नगर,
गुरुवार, १४ डिसेंबर १९७२

प्रिय पुष्पा,

हे पत्र हातात पडलं की आधी दार लाव आणि एकटी बसून वाच. जावईबापूंना दाखवायचं की नाही ते नंतर तुझं तू ठरव. दर वेळी मी पोस्टकार्ड टाकतो, या वेळी बंद पाकीट बघून तू घाबरली असशील. तुझी आई बरी आहे, मी हिंडता-फिरता आहे, कुणी गेलेलं नाही. पण गेले सोळा दिवस मी जसा भेदरून आहे तसा जन्मात कधी नव्हतो. चहाची बशी हातात धरवत नाही, रस्त्यावर जीप वाजली की परसाकडे पळावं लागतं. साठीला आलेला माणूस मी, मला लिहायला लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

तू श्रीरामपूरला कालव्याच्या पाण्यावर आहेस, तुला इकडची कल्पना यायची नाही. नगरात चार दिवसांनी नळ येतो आणि खेड्यांतून माणसं खडी फोडायच्या कामावर लागली आहेत. अशा दिवसांत सरकारी नोकरी म्हणजे केवढा आधार, हे मी रोज स्वतःला सांगत होतो. ती नोकरी मला कुणी लावली, आठवतं ना? चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी करणारा कायदा आला आणि आपलं दुकान बसलं. तीन वर्षं मी बागेसरीची शेगडी पेटवून बसायचो आणि गिऱ्हाईक यायचं नाही. कामं गेलेल्या सोनारांना सरकार नोकऱ्या देतंय म्हणून कळलं तेव्हा अर्ज कसा लिहायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या शांतवन मास्तरांनी तो आपल्या हातानं लिहिला. ते आमच्या कचेरीतले कारकून, पण त्यांचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते म्हणून गल्ली त्यांनाही मास्तरच म्हणते. सहासष्ट साली मी त्यांच्याच खोलीबाहेर शिपाई म्हणून स्टुलावर बसलो. सहा वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही.

कचेरीच्या तिजोरीच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. पासष्टच्या लढाईत लोकांनी देशासाठी सोनं दिलं, त्यातली एका तालुक्याची ही पेटी. बाकीच्या पेट्या तेव्हाच मुंबईला गेल्या. हिच्या यादीत आणि पावत्यांत कुठंतरी फरक निघाला म्हणून ही मागं राहिली ती राहिलीच. मास्तर दर वर्षी मुंबईला पत्र लिहायचे, उत्तर यायचं नाही. अडुसष्ट साली पेटीला वाळवी लागली तेव्हा त्यांनीच साहेबांच्या परवानगीनं सोनं नव्या पेटीत भरलं आणि नवी मोहर लावली. एवढं लक्षात ठेव, कारण याच मोहरेनं त्यांचा घात केला.

गेल्या महिन्याच्या शेवटी मुंबईहून दोन माणसं आली, एक साहेब आणि एक सोनं तपासणारा पारखी. साहेब सांगत होते की गेल्या वर्षी अमेरिकेनं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केल्यापासून, आपल्या देशाच्या नावावर जे सोनं लिहिलंय ते खरोखर आहे का, हे दिल्लीला एकदा डोळ्यांनी बघायचंय. म्हणून जिथं जिथं सरकारचं सोनं पडलंय तिथं जाऊन वजन करायचं, कस बघायचा आणि मग आकड्याखाली सही करायची. आमची पेटी म्हणजे त्या ढिगातला एक कण. पण दुसऱ्याच दिवशी पारखी तापानं फणफणला. त्याला दवाखान्यात ठेवलं आणि साहेबांनी विचारलं, गावात विश्वासाचा सोनार कोण आहे? मास्तर हसून म्हणाले, "बाहेर कशाला बघता? आमचे मच्छिंद्रभाऊ अस्सल सोनार आहेत." पुष्पा, मला त्या क्षणी इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरी पळत येऊन मी माळ्यावरून कसोटीचा दगड काढला, तेजाबाची बाटली घेतली, कानस घेतली. तुझी आई म्हणाली, आज दहा वर्षांनी तुम्ही माणसात आल्यासारखे दिसताय.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मास्तर यादी वाचायचे, साहेब वजन करायचे, मी दगडावर रेघ ओढून तेजाबाचा थेंब टाकायचो आणि कस सांगायचो. दर दहा नगांमागे एक नग कानशीनं खोल घासून आतून बघायचा असा साहेबांचा नियम होता. आणि मग मास्तरांनी वाचलं, "छबूबाई, राहणार काष्टी, पाटल्या दोन, आठ तोळे, आतल्या अंगाला तीन बारीक रेघा." त्या पाटल्या मी घडवल्या होत्या, चौसष्ट साली. त्या तीन रेघा माझी खूण. छबूबाई आपली जुनी गिऱ्हाईक. तोवर जुनं सोनं त्याच कसात घडवायला मुभा मिळाली होती, म्हणून घरातलं सगळं जुनं सोनं आटवून त्यांनी माझ्याकडून चार पाटल्या करून घेतल्या होत्या, दोन लेकांच्या दोन सुनांसाठी. त्या चारही पाटल्यांच्या पोटात मी तांबं घातलं होतं. वरून जाड सोनं आणि आत तांबं, वजन नेमकं तेवढंच. चाळीस वर्षांच्या धंद्यात एकदाच केलं. का केलं ते शेवटी लिहितो, आत्ता लिहिलं तर पुढचं लिहवायचं नाही.

वजन बरोबर भरलं. दगडावर रेघ ओढली, बावीस कॅरेट निघालं. मी सुटलो असं वाटलं, तोच साहेबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, हा दहावा. मी कानस अशी लावली की वरवर घासलं जावं. साहेबांनी माझ्या मनगटाला धरून हात पुढे सरकवला, "इथं. खोल." चार हात मारले आणि तांबडं दिसलं. साहेबांनी भिंगातून बघितलं, यादी बघितली, मग मोहर बघितली आणि विचारलं, ही अडुसष्टची मोहर कुणाची? मास्तर म्हणाले, माझी. बस्स, तिथून पुढं सगळं आपोआप ठरत गेलं. खऱ्या पाटल्या काढून घेऊन त्याच वजनाच्या खोट्या ठेवल्या असा अर्थ निघाला. साहेब मला म्हणाले, काम कसबी हाताचं आहे, कुणाचं असेल? आणि मी म्हणालो, नगरचं वाटत नाही साहेब, बाहेरचं दिसतंय. हे मी म्हणालो, पुष्पा. माझ्या तोंडानं. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "मच्छिंद्रभाऊ, तुम्हाला तर कळतंय ना? तुम्ही सांगा यांना, मला सोन्यातलं काय कळतं?" मी दगड पुसत बसलो.

पोलिसांनी त्यांच्या घरातल्या फरशा उखडल्या. नवऱ्यादेखत मरियाबाईंच्या शिवणाच्या मशिनचा खोकासुद्धा फोडला. मास्तरांना कामावरून कमी केलं आणि रोज सकाळी चौकीवर नेऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवायला लागले. गल्लीतली माणसं त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायची. तुझी आई मात्र रोज तांब्याभर दूध घेऊन मरियाबाईंकडे जाऊन बसायची. एक दिवस परत आली ती लालबुंद होऊन, आणि चुलीपुढं बसून म्हणाली, "ज्यानं हे केलं ना, त्याचे हात झडून पडतील." मी समोर जेवत होतो.

मला वाटायचं, खरं सांगावं. पण सांगून काय होईल याचा विचार केला की मागं सरायचो. मी कचेरीतला शिपाई, मी सोनार, मास्तर माझे शेजारी. माझं कोण ऐकणार? म्हणतील, दोघांनी मिळून केलं, मास्तरांनी मोहर लावली आणि यानं खोट्या पाटल्या घडवून दिल्या. मी खरं बोलल्यानं मास्तर सुटायचे नाहीत आणि मीही अडकायचो. असं मी स्वतःला दहा दिवस समजावत होतो. समजूत पटायची, आणि घटकाभरानं पुन्हा तेच सुरू व्हायचं. मग एकदा पाण्याच्या रांगेत उभा असताना डोक्यात आलं की चारातल्या दोनच पाटल्या देशाला दिल्या, दोन छबूबाईंच्या घरी आहेत. त्यांना कुठल्या कचेरीचा हात लागलेला नाही. त्या कापल्या आणि आत तांबं निघालं, तर मास्तर निर्दोष आहेत हे आंधळ्यालाही दिसेल. तो विचार आला आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली, कारण आता गप्प बसायला सबब उरली नव्हती.

बाजाराचा दिवस बघून दौंडच्या एस.टी.नं काष्टीला गेलो. बाजारात गर्दी होती, पण ती हाडं निघालेले बैल विकायला आलेल्यांची. छबूबाई घरी नव्हत्या. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या, सात एकरांच्या मालकीण. थोरला मुलगा जनावरं घेऊन छावणीवर होता. दुपारच्या सुट्टीत त्या मला घरी घेऊन आल्या, बिनदुधाचा चहा टाकला आणि म्हणाल्या, "सोनारदादा, इतक्या लांब कसं येनं केलंत? घरी समदी बरी हायती ना?" मी टोपी काढून खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. "म्हंजी सरकारी मान्सानं बदलल्या म्हनता?" मी म्हणालो, नाही छबूबाई, बदलल्या नाहीत कुणी. पहिल्यापासूनच तशा होत्या. मी केल्या तशा.

त्या उठल्या, कोपऱ्यातल्या कणगीत वाकून हात घातला. कणगीत दाणे नव्हते, तळाशी फडक्यात बांधलेल्या पाटल्या होत्या. माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "काप. माझ्यासमूर काप." कानस दोनदा घसरली. तांबडं दिसलं तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "पुढल्या बाजाराला इकायला काढनार हुते ह्या," एवढंच म्हणाल्या. त्यांचा धाकटा, गहिनीनाथ, पासष्टच्या लढाईत गेला. त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी ठेवलेल्या पाटल्या त्यांनी देशाला दिल्या होत्या. मला ते माहीत होतं. माहीत असून मी सात वर्षं जेवलो, झोपलो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या गहिनीच्या नावानं म्या तांबं दिलं व्हय रं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं. शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आल्या असत्या तर मी सोसलं असतं.

मी पाया पडायला वाकलो, त्यांनी पाय मागं घेतले. मी म्हणालो, नगरला चला, नाहीतर एक निरपराध माणूस तुरुंगात जाईल. त्यांनी विचारलं, कोण माणूस? मी वर्णन सांगितलं. त्यांना आठवले. "उंच, चष्म्याचा? त्या बाबूनं उठून सोताची खुर्ची दिली हुती मला. पोराचं नाव इचारून लिवून घेतलं हुतं. येते मी. त्येच्यासाठी येते, तुझ्यासाठी न्हाई."

सोमवारी आम्ही साहेबांपुढं उभे राहिलो. जिन्यावर मी थांबलो, छबूबाईंनी दंडाला धरून वर नेलं. मी सगळं सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा मी म्हणालो, पेटीतली दुसरी पाटली कुठं कापायची ते मी आधी सांगतो, फाशापासून, म्हणजे उघडायच्या जोडापासून, अर्ध्या बोटावर तांब्याला चांदीची खीळ मारलेली आहे. तिथं कापली, खीळ निघाली. मग छबूबाईंच्या दोन्ही पाटल्या कापल्या, त्यांतही तीच खीळ, त्याच जागी. यादीतल्या तीन रेघा चारही पाटल्यांवर जुळल्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडतील. पण ते हळूच म्हणाले, "दहातला एक बघून मी आजवर सह्या करत आलो. आता सगळं कापून बघावं लागणार. मागच्या सह्यांचं काय करू?" एवढा मोठा माणूस, पण तोही घाबरलेला दिसला. त्याला जो आकडा खरा हवा होता तो एका सोनारानं बिघडवला होता.

मास्तर मंगळवारी कामावर परत आले. माझ्या स्टुलावर दुसराच शिपाई बसवला आहे. मास्तर मला भेटायला आले नाहीत आणि मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परतलो. मरियाबाईंनी आमचा दुधाचा तांब्या घासून पाठवून दिला. रिकामा. आपल्याकडे शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, निदान साखरेची चिमूट असते. तुझ्या आईला मी सोमवारीच सगळं सांगितलं होतं. तो तांब्या हातात घेऊन ती उंबऱ्यात बसून राहिली. तेव्हापासून ती मला वाढते, पण समोर बसत नाही. मला शहर सोडायचं नाही अशी ताकीद आहे. मुंबईचा हुकूम आला की घेऊन जातील, आज नाहीतर उद्या. पिशवीत दोन सदरे भरून ठेवले आहेत.

आता मागं ठेवलेलं लिहितो. साहेबांनी विचारलं होतं, चार पाटल्यांतून काढलेलं सहा तोळे सोनं गेलं कुठं? मी म्हणालो, संसाराला लागलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं. छबूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. मी त्यांना एस.टी.वर सोडायला गेलो. गाडी लागली होती, त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून विचारलं, "लेकीच्या लग्नात घातलंस ना?" मग त्याच म्हणाल्या, "मी आले हुते लग्नाला. तिच्या गळ्यातली मोहनमाळ हातात धरून बघितली हुती म्या. म्हनले हुते तिला, लई ग्वाड दिसती गं तुला." एवढं बोलून त्या आत जाऊन बसल्या. पुष्पा, तुझ्या सासरच्यांनी सहा तोळ्यांची माळ मागितली होती आणि माझ्याकडे गुंजभर सोनं नव्हतं. हे मी तुला आठ वर्षं सांगितलं नाही. तुझा यात काडीचा दोष नाही. कायदा तुझ्या दारात येणार नाही, मी तुझं नाव कुठंच घेतलेलं नाही. तेव्हा माळ गळ्यात ठेवलीस तरी कुणाला कधी कळायचं नाही, छबूबाईही बोलायच्या नाहीत. पण त्या बाई आज काष्टीला खडी फोडतायत. घर वेशीच्या आत, मारुतीच्या देवळामागं आहे, कुणीही दाखवील. तू जा म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून नुसता पत्ता लिहितो आहे. पोलिसांची भीती होती तितकी आता नाही. हे वाचून झाल्यावर तू मला काय म्हणशील, याची भीती आहे. पाकीट डकवायला घेतो आहे, आणखी थांबलो तर फाडून टाकीन.

तुझाच,
तात्या